चकती कुणी वाचलीच नाही

रेल्वेच्या जुन्या आणि नव्या सुरक्षा सिस्टीममध्ये नेमका फरक काय असं मला कुणी विचारलं की मी एकाच लाइनपासून सुरुवात करतो. वेल्समधली केंब्रियन लाइन. छोटी छोटी स्टेशनं, बराचसा भाग सिंगल लाइन, म्हणजे येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला रूळ एकच. या लाइनवर १९२१ मध्ये एक गोष्ट घडली आणि २०१७ मध्ये दुसरी. पहिलीत १७ माणसं गेली, दुसरीत कुणाला साधं खरचटलं पण नाही, तरी मला या दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघितल्याशिवाय राहवत नाही.

आधी १९२१ ची.

सिंगल लाइनवर सगळ्यात मोठी भीती एकच असते, समोरून गाडी यायची. १८७४ मध्ये इंग्लंडमध्ये नॉरविचजवळ थॉर्पला हेच झालं, तारेने दिलेल्या निरोपात घोटाळा झाला आणि दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. त्यानंतर एडवर्ड टायरने टॅब्लेटचं यंत्र काढलं. आयडिया इतकी साधी आणि इतकी पक्की आहे की मला अजूनही तिचं कौतुक वाटतं. दोन स्टेशनांमध्ये एकेक यंत्र, दोन्ही तारेने जोडलेली, आणि दोन्ही मिळून एका वेळी एकच धातूची चकती बाहेर येणार. एक बाहेर आली की ती परत यंत्रात पडेपर्यंत दुसरी निघतच नाही, कितीही खटपट करा. आणि ड्रायव्हरला नियम असा की हातात चकती नसेल तर त्या सेक्शनमध्ये, म्हणजे त्या दोन स्टेशनांमधल्या रुळावर, पाऊल टाकायचं नाही. म्हणजे रस्ता मोकळा आहे हे कुणी सांगायचं नाही, कुणी ऐकायचं नाही, ती वस्तूच हातात द्यायची.

आपल्याकडे याचाच भाऊबंद म्हणजे नीलचा बॉल टोकन. लोखंडी गोळा, चामड्याच्या पिशवीत घातलेला, पिशवीला वेताचं मोठं कडं, आणि गाडी न थांबता जात असली तर खाली उभ्या माणसाने ते कडं उंच धरायचं आणि इंजिनातल्याने हात घालून उचलायचं, त्याच वेळी आधीच्या सेक्शनचं खाली टाकायचं. ज्यांनी हे डोळ्यांनी बघितलंय ते विसरू शकत नाहीत. इंजिन धडधडत येतंय, एक माणूस बाहेर झुकलाय, हात लांब केलाय, आणि एका क्षणात कडं त्याच्या खांद्यापर्यंत सरकतं.

तर २६ जानेवारी १९२१. अ‍ॅबरम्यूल नावाचं छोटं स्टेशन, तिथे दोन गाड्यांचं क्रॉसिंग व्हायचं. एका बाजूने थांबत थांबत येणारी गाडी, दुसऱ्या बाजूने एक्सप्रेस. नेहमीचे स्टेशन मास्तर रजेवर, त्यांच्या जागी बदली मास्तर. स्लो गाडी आली, ड्रायव्हरकडे मागच्या सेक्शनची चकती होती, ती एका पोरसवदा कर्मचाऱ्याने घेतली. त्याला तिकिटं गोळा करायला पळायचं होतं म्हणून ती त्याने मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांना वाटलं ही पुढच्या सेक्शनची चकती आहे, म्हणून त्यांनी ती ड्रायव्हरला दिली. ड्रायव्हरनेही घेतली आणि गाडी काढली. म्हणजे त्याचीच चकती त्यालाच परत मिळाली! चकतीवर सेक्शनचं नाव कोरलेलं होतं. नुसतं पिशवीतून काढून वाचायचं होतं. ना मास्तरांनी वाचलं ना ड्रायव्हरने. समोरून एक्सप्रेस येत होती, आणि तिच्याकडे त्या सेक्शनची खरी चकती होती.

यात एक गोष्ट नीट बघा. टायरच्या यंत्राने आपलं काम चोख केलं, त्याने दोन चकत्या बाहेर येऊ दिल्या नाहीत. पण स्टेशनातून बाहेर पडायचा सिग्नल त्या यंत्राला बांधलेला नव्हता. यंत्र ऑफिसात आणि सिग्नल बाहेर. चकती चुकीची असली तरी सिग्नल देता येत होता. मधला दुवा माणूस होता, आणि त्या दिवशी तीन-चार जणांपैकी प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने बघितलं असेल. चौकशीत मग हेच सांगितलं गेलं की सिग्नलला आणि टॅब्लेटच्या यंत्राला एकमेकांत अडकवा, आणि यंत्रं सिग्नलमनच्या ताब्यात द्या.

हे एकमेकांत अडकवणं म्हणजेच इंटरलॉकिंग, आणि माझ्या मते रेल्वे सुरक्षेतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, कवच नाही, ईटीसीएस नाही (भारतातली आणि युरोपातली, गरज पडली की आपोआप ब्रेक लावणारी नवी सिस्टीम). १८५६ मध्ये जॉन सॅक्सबीने याचं पेटंट घेतलं. मला हे पुस्तकातून कधीच कळलं नसतं, कळलं ते हातातून. शाळेत असताना एकदा सिग्नल केबिनमध्ये जायला मिळालं होतं. लाकडी जिना, वर काचा, आणि खांद्याइतक्या उंच लिव्हरची रांग. लाल सिग्नलचे, काळे सांध्यांचे, म्हणजे जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथले, निळे सांधा कुलूपबंद करायचे. तिथले काका लिव्हर हातात कापड घेऊन धरायचे, घामाने चकाकी जाते म्हणून. मला म्हणाले, "ओढ बघू तो लाल." मी दोन्ही हातांनी लटकलो, पाय टेकवून जोर लावला, ढिम्म. काका म्हणाले, "आता तो काळा ओढ, मग निळा." काळ्याला पण जोर लागला, दूरवर कुठेतरी खटाक असा आवाज आला, सांधा बदलला. मग निळा. आणि मग तोच लाल लिव्हर, ज्याने मघाशी हलायचं नाव घेतलं नव्हतं, तो आला. काका म्हणाले, "तुला सिग्नल द्यायचाय ना, तर आधी रस्ता लाव, रस्त्याला कुलूप घाल, मग सिग्नल माग. खाली पट्ट्या आहेत, त्या तुला दुसरं काही करूच देणार नाहीत."

करूच देणार नाहीत. हे वाक्य मी कधी विसरलो नाही. नियमात लिहिलंय म्हणून नाही, साहेब ओरडतील म्हणून नाही, लोखंडच देत नाही.

आणि सिग्नलचं बघा. जुन्या रेल्वेवाल्यांच्या तोंडी "सिग्नल पडला" म्हणजे रस्ता मिळाला. कारण तो हाताचा सिग्नल असायचा, आडवा असला की थांब, खाली झुकला की जा. केबिनपासून तिथपर्यंत तार ओढलेली, लिव्हर ओढला की हात पडायचा. आणि ती तार तुटली तर? तर मागच्या वजनाने हात परत आडवा व्हायचा, म्हणजे थांब. काहीही मोडलं, तुटलं, सुटलं, तर गाडी उभी राहिली पाहिजे, हा सगळ्या सिग्नलिंगचा पाया. तो लोखंडाच्या काळात होता तसाच आज सॉफ्टवेअरच्या काळातही आहे, त्यात फरक शोधायला गेलात तर सापडणार नाही.

मग ब्लॉक, म्हणजे मोजून ठरवलेला रुळाचा एक तुकडा. १८८९ मध्ये आयर्लंडमध्ये आर्मा इथे सहलीच्या गाडीचे सुटलेले डबे उतारावरून मागे घरंगळत गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले, ८० च्या आसपास लोक गेले, त्यात पोरंबाळं किती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला की एका ब्लॉकमध्ये एकच गाडी, सांधे-सिग्नल इंटरलॉक, आणि प्रवासी गाडीला आपोआप लागणारे ब्रेक. त्याआधी बऱ्याच ठिकाणी वेळेवर गाड्या सोडायचे, म्हणजे पुढची जाऊन अमुक मिनिटं झाली, आता गेली असेल पुढे, सोडा हिला. असेल! या असेलवर माणसं प्रवास करत होती.

गाडी खरंच गेली का हे माणसाला न विचारता कळायला लागलं ते ट्रॅक सर्किटमुळे. विल्यम रॉबिन्सन, १८७२. रुळाचा एक तुकडा दोन्ही टोकांना इन्सुलेट करायचा, एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे करंट असेपर्यंतच उचललेला राहणारा विजेचा स्विच. करंट रुळातून जातो, रिले उचललेला राहतो, सिग्नल हिरवा. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, करंट तिथूनच परत फिरतो, रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो, सिग्नल लाल. आणि मजा ही की रूळ तुटला, वायर चोरीला गेली, बॅटरी संपली, तरीही रिले पडतो आणि लालच मिळतो. मला हे फार सुंदर वाटतं. गाडी आहे हे सांगायला करंट लागत नाही, गाडी नाही हे सिद्ध करायला लागतो.

इथपर्यंतच्या सगळ्या सिस्टीम एका ठिकाणी येऊन थांबतात. त्या सिग्नल बरोबर देतात, पण पुढे ड्रायव्हरने तो बघितला की नाही, बघून ब्रेक लावला की नाही, हे त्यांना माहीतच नसतं. लोखंड केबिनमधल्या माणसाला चूक करू देत नव्हतं, पण इंजिनातल्या माणसाचा हात धरणारं कुणी नव्हतं. धुक्यात तर रुळावर डेटोनेटर ठेवायचे, चाकाखाली फुटला की आवाजाने ड्रायव्हरला कळायचं की पुढे सिग्नल आहे, जागा राहा.

मग इंजिनात धोक्याची सूचना आली. ब्रिटनमध्ये १९०६ पासून ग्रेट वेस्टर्न रेल्वेने रुळांच्या मध्ये रॅम्प बसवून सुरुवात केली होती, पण सगळीकडे पसरायला १९५२ चा हॅरोचा अपघात व्हावा लागला, ११२ माणसं. त्यानंतर जी एडब्ल्यूएस, म्हणजे ऑटोमॅटिक वॉर्निंग सिस्टीम बसवली ती चुंबकावर चालायची. सिग्नल हिरवा असेल तर घंटी. नसेल तर हॉर्न वाजणार, ड्रायव्हरने दोनेक सेकंदांत बटण दाबलं नाही तर ब्रेक आपोआप लागणार. बटण दाबलं की समोर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची चकती दिसत राहणार, की बाबा रे तू एक वॉर्निंग घेतली आहेस.

ऐकायला छान आहे. पण हॉर्न पिवळ्याला पण तोच, डबल पिवळ्याला पण तोच आणि लालला पण तोच! गर्दीच्या मार्गावर ड्रायव्हर एकामागोमाग एक पिवळ्यांवरून चाललाय, हॉर्न, बटण, हॉर्न, बटण, दिवसातून कितीतरी वेळा. हात आपोआप जातो. आणि एकदा बटण दाबलं की सिस्टीमचं समाधान झालं, ती पुढे काही विचारत नाही, गाडी स्लो केली का, किती केली, काही नाही. म्हणजे ब्रेक लागू नये म्हणून दाबायचं बटण आणि मला सिग्नल दिसला म्हणून दाबायचं बटण, दोन्ही एकच.

५ ऑक्टोबर १९९९, लंडनमधलं लॅडब्रोक ग्रोव्ह. ड्रायव्हर नवा, सकाळची वेळ, पाठीमागून कोवळं ऊन थेट सिग्नलवर पडलेलं, सिग्नल एसएन १०९, जो त्याआधीच्या सहा वर्षांत आठ वेळा लाल असताना ओलांडला गेला होता. त्या गाडीत एडब्ल्यूएस होती आणि चालू होती. हॉर्न वाजला, ड्रायव्हरने बटण दाबलं, गाडी लाल ओलांडून पुढे गेली आणि समोरून येणाऱ्या हाय स्पीड गाडीवर धडकली. ३१ जण गेले, दोन्ही ड्रायव्हरसकट. मला त्या ड्रायव्हरला दोष द्यावासा वाटत नाही. आठ आठ वेळा माणसं एकाच ठिकाणी चुकत असतील तर चूक माणसात शोधायची नसते.

सगळ्याच जुन्या सिस्टीम इतक्या भोळ्या नव्हत्या हेही सांगायला हवं. जर्मनीत १९३० च्या दशकातच इंडुझी आली, ५००, १००० आणि २००० हर्ट्झच्या कॉइल, पिवळ्यावरून गेल्यावर ठरलेल्या वेळात वेग कमी झाला नाही तर ब्रेक, लाल ओलांडला तर सरळ इमर्जन्सी ब्रेक. मुंबईच्या लोकलला गेली कित्येक वर्षं असलेली ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टीम पण याच जातकुळीतली, तीही लाल ओलांडू देत नाही. पण या सगळ्या ठरावीक ठिकाणी तपासतात. सिग्नलपाशी बघतील, मधल्या जागेत गाडी काय करते याकडे त्यांचं लक्ष नसतं.

आणि नवी सिस्टीम सुरू होते ती बरोबर इथे. ईटीसीएस घ्या, कवच घ्या, अमेरिकेतलं पीटीसी घ्या, सगळ्यांचं मूळ एकच, गाडीला सिग्नलचा रंग नाही तर मोकळीक सांगायची. तुला अमुक मीटरपर्यंत जायची परवानगी आहे, मध्ये इतका वेग, त्या वळणावर इतका, शेवटी शून्य. याला मूव्हमेंट ऑथॉरिटी म्हणतात. मग इंजिनातला कॉम्प्युटर गाडीचं वजन, लांबी, ब्रेकची ताकद, पुढचा चढ-उतार हे सगळं धरून सतत हिशोब करत राहतो की आत्ता या क्षणाला कमाल किती वेग चालेल, जेणेकरून त्या शून्याच्या आत गाडी उभी राहील. तो ब्रेकिंग कर्व्ह. ड्रायव्हर त्याच्या आत असेल तर कॉम्प्युटर गप्प. जरा वर गेला की बझर, ऐकलं नाही की ब्रेक. बटण दाबून त्याला गप्प करता येत नाही, वेग खरंच कमी करावा लागतो. मला विचाराल तर जुन्या-नव्यातला खरा फरक हा एवढाच आहे, बाकी रेडिओ, सॅटेलाइट, टॅग हे सगळं त्याचं सामान.

वळणावरचा वेग म्हटलं ते का, तर स्पेनमधला सॅंटियागोचा अपघात, २४ जुलै २०१३. वळणावर मर्यादा ताशी ८० किलोमीटर, गाडी १७९ ने वळणात शिरली, ड्रायव्हर थोडं आधी ड्युटीच्या फोनवर बोलत होता. ८० च्या आसपास माणसं गेली. तिथे सिग्नल हिरवाच होता, म्हणजे सिग्नलिंगच्या दृष्टीने चूक काहीच नव्हती! अपघाताच्या जागी होती ती जुनी एएसएफए, ती सिग्नलकडे बघायची, वळणाचा वेग ती त्या जागी तपासत नव्हती. त्या मार्गावर मोठ्या भागात ईटीसीएस होती, पण वळणाच्या आधीच ती संपत होती, आणि त्या गाडीतली तर बंदच करून ठेवलेली होती. जपानमध्ये २००५ ला आमागासाकीत पण तेच, ७० च्या वळणात ११६, १०७ जण गेले, वेग तपासून ब्रेक लावणारी नवी एटीएस तिथे अजून बसायची होती. लाल-हिरव्याच्या पलीकडे ज्याला काही दिसत नाही त्याला वळण दिसणार कसं.

कवचबद्दल थोडं, कारण त्याची चर्चा सगळीकडे आहे आणि बरेच जण त्याला जीपीएसवाली वस्तू समजतात. त्याआधी कोकण रेल्वेने अँटी कोलिजन डिव्हाइस केलं होतं, बी. राजाराम यांच्या डोक्यातून आलेलं, ते जीपीएसवर होतं आणि ईशान्येकडे मोठ्या प्रमाणावर लावलंही गेलं. प्रयत्न धाडसाचा होता, मला त्याचा आदरच वाटतो. पण शेजारी शेजारी चार-पाच रूळ असले की गाडी नेमकी कुठल्या रुळावर आहे हे जीपीएसवरून ठामपणे सांगणं अवघड, आणि ते चुकलं की नको तिथे ब्रेक. आणि उगाच ब्रेक लावणाऱ्या यंत्रावर कोणाचा विश्वास राहत नाही, लोक ते बंद करायला बघतात, हे फार महत्त्वाचं आहे. कवचमध्ये म्हणून स्लीपरवर आरएफआयडी टॅग आहेत, इंजिन वरून गेलं की टॅग सांगतो तू कुठे, कुठल्या लाइनवर. स्टेशनातलं कवच इंटरलॉकिंगकडून सिग्नल आणि सांध्यांची स्थिती घेतं आणि यूएचएफ रेडिओने इंजिनाला कळवतं. प्रवासी गाड्यांवर चाचण्या २०१६ ला सुरू झाल्या, २०२० मध्ये राष्ट्रीय सिस्टीम म्हणून स्वीकारलं, दक्षिण मध्य रेल्वेवर आधी १४६५ किलोमीटर झालं, ४.० आवृत्तीला जुलै २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. मार्च २०२२ मध्ये एकाच रुळावर दोन इंजिनं समोरासमोर आणून चाचणी घेतली तेव्हा रेल्वेमंत्री स्वतः इंजिनात होते आणि इंजिन समोरच्यापासून ३८० मीटर अलीकडे आपोआप थांबलं. पण लोको पायलटच्या बाजूने बघाल तर मला सगळ्यात मोठी सोय वाटते ती ही की पुढचा सिग्नल त्याच्या समोर स्क्रीनवर दिसतो. दाट धुक्यात काचेला नाक लावून पिवळा ठिपका शोधत रात्रभर गाडी चालवायची हे काय असतं याचा विचार करून बघा.

आता जी गोष्ट सांगायला मी हे सगळं लिहायला घेतलं ती.

कवच असो की ईटीसीएस, ते ड्रायव्हरवर विश्वास ठेवत नाहीत, प्रत्येक क्षणी तपासतात. पण इंटरलॉकिंग जे सांगेल ते मात्र खरं धरून चालतात. दुसरं काही ते करूच शकत नाहीत. आणि इंटरलॉकिंग आता खालच्या लोखंडी पट्ट्यांत नाही, ते वायरींत आणि डेटात आहे. लोखंडाची पट्टी चुकीच्या जागी अडकवली तर लिव्हर अडतो, तिथल्या तिथे कळतं. वायर चुकीच्या टर्मिनलला लागली तर सगळं सुरळीत चालू राहतं, दिवे लागतात, सांधे फिरतात, कुणाला काही कळत नाही, ती विशिष्ट वेळ येईपर्यंत.

१२ डिसेंबर १९८८, लंडनचं क्लॅपहॅम जंक्शन. रिले रूममध्ये नव्या वायरी घालायचं काम चालू होतं. एका टेक्निशियनने जुनी वायर एका बाजूने सोडवली, पण कापली नाही, टोकाला टेप लावली नाही, नुसती वाकवून बाजूला केली. दोन आठवडे ती तशीच राहिली. मग शेजारच्या रिलेवर काम करताना धक्का लागला आणि ती उघडी वायर परत आपल्या जुन्या जागी टेकली. बस एवढंच. त्या वायरने रिलेला करंट दिला, ट्रॅकवर गाडी उभी असताना रिले पडला नाही, सिग्नल लाल झाला नाही. ३५ जण गेले. चौकशीत निघालं की त्या टेक्निशियनला आधीच्या तेरा आठवड्यांत एकच दिवस सुट्टी मिळाली होती. आपण ड्रायव्हरच्या झोपेची काळजी करतो, त्याच्यासाठी डेडमॅन पेडल, व्हिजिलन्स, मिनिटाला बटण. रिले रूममधल्या माणसाच्या झोपेची चौकशी कुठला बझर करणार?

वॉशिंग्टन मेट्रो, २२ जून २००९. गाड्या ऑटोमॅटिक चालणाऱ्या. एका ट्रॅक सर्किटच्या उपकरणात भलताच सिग्नल तयार व्हायला लागला आणि रिसीव्हरला तो खरा वाटला, म्हणजे तिथे उभी असलेली अख्खी गाडी सिस्टीमला दिसेनाशी झाली. मागच्या गाडीला कॉम्प्युटरने रस्ता मोकळा आहे असं सांगितलं. समोर गाडी दिसल्यावर चालवणाऱ्या बाईंनी स्वतः हाताने इमर्जन्सी ब्रेक लावला, पण उशीर झाला होता, त्यांच्यासह ९ जण गेले. रॉबिन्सनने जे १८७२ ला केलं होतं, गाडी नाही हे सिद्ध करायला करंट लागतो, त्यात नेमकी ही फट, की करंट दुसरीकडूनच आला तर?

आणि २ जून २०२३, बालासोर. कोरोमंडल एक्सप्रेसला सिग्नल हिरवा, मेन लाइनचा. सांधा लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळाला. लूपवर मालगाडी उभी. २९० हून जास्त माणसं. काकांच्या केबिनमध्ये हे शक्य नव्हतं, काळा लिव्हर लागल्याशिवाय लाल सुटलाच नसता. चौकशीत सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या बदलांतली चूक पुढे आली. त्यावेळी बऱ्याच जणांनी लिहिलं की कवच असतं तर वाचलो असतो. मला ते लिहिणाऱ्यांची तळमळ कळते, पण इंजिनातल्या कवचला जर मेन लाइन मोकळी आहे असंच कळलं असतं तर त्याने तरी ब्रेक का लावला असता. कवच हवंच, प्रत्येक मार्गावर हवं, ड्रायव्हरच्या हातून होणारी चूक ते अडवतं आणि अशा चुका कितीतरी आहेत. पण सर्किटला हात लावल्यावर सगळं पुन्हा तपासणं, सांधा खरंच तिथे वळलाय का हे जाऊन डोळ्यांनी बघणं, आणि ते होईपर्यंत गाडी न सोडणं, हे काम कवच करत नाही.

आता परत केंब्रियन लाइन. २०११ मध्ये या लाइनवर ब्रिटनमधली पहिली ईटीसीएस लेव्हल २ बसली. रेडिओवरून मूव्हमेंट ऑथॉरिटी, ड्रायव्हरच्या समोर स्क्रीन, बाहेरचे सिग्नल गेले. ज्या लाइनवर चकती न वाचल्याने १७ माणसं गेली त्या लाइनवरच्या गाडीला आता कुणी चकती द्यायची नव्हती, कुणी वाचायची नव्हती. काही ठिकाणी फाटकांपाशी तात्पुरती वेगमर्यादा होती, फाटक ओलांडणाऱ्याला गाडी वेळेत दिसावी म्हणून. ताशी ३० किलोमीटर. तीही डेटात, स्क्रीनवर दिसायची, गाडी आपोआप त्यात राहायची.

१९ ऑक्टोबर २०१७ ला सिग्नलिंगचा कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट झाला. परत उठताना त्याने त्या वेगमर्यादा घेतल्याच नाहीत. सिग्नलरच्या स्क्रीनवर मात्र त्या लागू आहेत असंच दिसत होतं. ना बझर ना लाल दिवा, काही मोडलं तर गाडी थांबली पाहिजे हा पाया इथे लागलाच नाही, कारण कॉम्प्युटरच्या दृष्टीने काही मोडलंच नव्हतं, नुसती एक माहिती नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या सुटल्या. नंतर डेटा काढला तेव्हा कळलं की जिथे ३० हवा तिथे एक गाडी ८० च्या आसपास वेगाने गेली होती. फाटकावर त्या वेळी कुणी नव्हतं म्हणून कुणाला काही झालं नाही.

हे शोधलं कुणी? सिस्टीमने नाही, कंट्रोल रूमने नाही. एका ड्रायव्हरने. त्याला लाइन माहीत होती, त्या वेगमर्यादा बऱ्याच दिवसांपासून तिथे होत्या. त्याने समोर स्क्रीनकडे बघितलं, रोज दिसणारा आकडा तिथे नव्हता, आणि त्याने तसं कळवलं.